मशीन काढायचं म्हणजे

सुरगाण्याकडून एक तरुण आला होता. पावसाळ्याचे दिवस, रात्री घरात जमिनीवर झोपलेला. पहाटे पोटात दुखायला लागलं, मग पापण्या जड झाल्या, मग बोलणं अडखळलं. मण्यार. तिचे दात इतके बारीक की चावल्याची खूण बऱ्याचदा सापडतच नाही. नाशिकला पोचेपर्यंत श्वास तोकडा पडला होता. आल्या आल्या घशात नळी घालून व्हेंटिलेटरला जोडला.

सहाव्या दिवशी मी बाहेर येऊन त्याच्या थोरल्या भावाला म्हणालो, "दादा, उद्या मशीन काढायचं बघू." सकाळी राउंडला येतो तर दारात दोन जीपगाड्या. अर्धं गाव उतरलेलं, बायका रडतायत, गावाकडे कुणीतरी लाकडांचंही बघून ठेवलेलं. आणि पेशंट आत बोटांनी खुणा करून पाणी मागतोय!

चूक माझी. ज्या दोन शब्दांनी आमच्या आयसीयूत सिस्टरांचे चेहरे फुलतात, तेच बाहेरच्या बाकड्यावर 'संपलं' असे ऐकू जातात. इंग्रजीत या कामाला वीनिंग म्हणतात. म्हणजे आपल्याकडे बाळाचं अंगावरचं दूध तोडतात, तेच. दूध तोडताना कुणी सुतक धरत नाही.

व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही, हे आधी डोक्यात बसू द्या. तो हवा आत ढकलतो, बस. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं श्वासनलिकेला भोक पाडून नळी बसवली, आणि मेडिकलच्या सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रबरी फुगे हातानं दाबत पेशंट जगवले. आजचं यंत्र त्या मुलांच्या हातांचंच काम करतं. पण हात थकायचे, यंत्र थकत नाही. गोची तिथेच आहे.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायू असतो. जन्मल्यापासून त्याला सुटी नाही. त्याला पूर्ण आराम दिला तर काय होतं? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ ते ६९ तास यंत्रावर निपचित राहिलेल्यांच्या श्वासपटलाचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले आढळले. प्लास्टरमधून काढलेला हात कसा काटकुळा दिसतो, आठवा. त्याला दीड महिना लागतो. इथं दोन-तीन दिवस. म्हणून "राहू द्या डॉक्टर, आणखी चार दिवस आराम मिळेल" असं नातेवाईक म्हणतात तेव्हा मला धास्ती वाटते.

मग हळूहळू कमी करायचं का? आम्हालाही तसंच वाटायचं. १९९५ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी हे ताडून पाहिलं. यंत्राचे श्वास थोडे थोडे कमी करत नेण्यापेक्षा दिवसातून एकदा पेशंटला स्वतःच्या बळावर श्वास घेऊ दिला, तर तो जवळपास तिप्पट लवकर सुटतो. गुंगीचं औषध रोज सकाळी थांबवून पाहिलं, तर यंत्रावरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले, हे २००० साली शिकागोत दिसलं. म्हणजे प्रश्न रोज सकाळी विचारायचा: आज जमेल का?

ती परीक्षा अर्ध्या तासाची. पेशंट जागा, यंत्राचा आधार जवळजवळ शून्य. सिस्टर मॉनिटरपेक्षा माणसाकडे बघते. नाकपुड्या फुलतायत का, मानेच्या शिरा ताणतायत का, कपाळावर घाम आलाय का, श्वास उथळ आणि भराभर होतोय का. मग खोकायला सांगायचं. ज्याला कफ बाहेर टाकता येत नाही, त्याची नळी काढून उपयोग नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातून फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेले येतात, त्या विषाचा कावा वेगळाच. लाळ, घाम ओसरतो, सगळ्यांना वाटतं सुटला; आणि एक ते चार दिवसांत मानेचे, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. त्यांना उशीवरून डोकं उचलायला लावायचं. पाच सेकंद तोललं नाही, तर त्या दिवशी नळीला हात लावायचा नाही.

एवढं करूनही दहातल्या एक-दोघांना दोन-तीन दिवसांत परत नळी घालावी लागते. ते वाईटच. पण ज्या आयसीयूत ती कधीच परत घालावी लागत नाही, तिथले डॉक्टर फार भित्रे असावेत, असं माझं मत. चुलीच्या धुरानं नाहीतर विडीनं फुप्फुसं जुनी झालेल्या आजी-आजोबांना नळी काढल्या काढल्या दाबानं हवा देणाऱ्या मास्कवर घेतो. त्यात बरेच निभावतात.

तर सुरगाण्याचा तो. सापाच्या लसीनं त्याच्या मज्जातंतूंची बिघडलेली टोकं दुरुस्त होणार नव्हती. ती पुन्हा वाढेपर्यंत थांबणं एवढंच हातात होतं. पहिले तीन दिवस पापणीसुद्धा हलत नव्हती, बाहुल्यांवर उजेड टाकला तरी हालचाल नाही. कुणीही म्हणालं असतं, गेला.

त्या दिवशी अकराला नळी काढली. खोकला, थुंकला, घोगऱ्या आवाजात पाणी मागितलं. मग रात्रपाळी संपवून निघालेल्या सिस्टरकडे बघून म्हणाला, "ताई, तुमच्या पोरीला ॲडमिशन मिळाली का?"