सव्वासहाची बेल

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी रोज सकाळी सव्वासहाला बेल वाजते. ती वाजण्याआधीच मी जागी झालेली असते, पण उठलेली नसते. १९ वर्षांपूर्वी अपघातात मणक्याला मार बसला आणि छातीखालचं अंग माझं ऐकेनासं झालं. तेव्हापासून जागं होणं तेवढं माझ्या हातात आहे. उठायचं म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी हात लागतात.

ते हात मावशींचे. वयानं त्या माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण पुण्यात कामाला येणारी प्रत्येक बाई मावशीच होते, त्याला इलाज नाही. आल्या की आधी हात धुतात. मग मला कुशीवर वळवून मोबाइलची बॅटरी लावतात आणि माकडहाड, टाचा, कमरेची हाडं नीट बघतात. कुठं लाल डाग दिसला तर बोटानं दाबून पाहतात. डाग पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. तसाच राहिला तर त्या दिवशी खुर्चीत बसणं बंद, कारण तिथंच पुढं जखम होते आणि मला ती कळत नाही, दुखतच नाही ना! मग युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, रिकामी करायची, अंग पुसायचं, कपडे घालायचे. शेवटी खुर्ची पलंगाला लावून ब्रेक ओढायचे, मधे फळी सरकवायची, आणि मावशी म्हणतात, “हं ताई, टेका घ्या.” मी हातांवर भार देते, त्या कमरेला धरून सरकवतात. पावणेआठला मी टेबलाशी, दुकानदारांचे हिशेब करायला तयार. एकूण दीड तास. या दीड तासावर माझी नोकरी, माझं जेवण, माझा सगळा दिवस उभा असतो.

मी राहते मांजरी बुद्रुकला. द्राक्षं आणि उसाचं हे गाव. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्या दुसऱ्या खेपेत आमचं गाव होतं. आता द्राक्षबागेला लागून बारा मजली इमारत आणि इमारतीला लागून दुसरी इमारत. फ्लॅट घेताना बिल्डरनं रॅम्प मोठ्या हौसेनं दाखवला होता. रॅम्प हवाच, लिफ्टचं दार रुंद हवंच, त्यासाठी भांडायलाही हवं. पण पलंगापासून दारापर्यंत जाता आलं, तरच रॅम्पचा उपयोग.

आणि मावशी? त्या राहतात दोन बस पलीकडे. इमारती वाढल्या तशी त्यांची खोली लांब लांब गेली, कारण जवळचं भाडं परवडेना. आमच्या फाटकावर त्यांचा ओटीपी येईपर्यंत त्या उभ्या. येण्याजाण्यासाठी त्यांना परवापरवापर्यंत मागची लिफ्ट होती, ती बंद असली की सात मजले जिना. सात मजले चढून आलेल्या बाईनं मला उचलायचं! सोसायटीच्या सभेत मी हे बोलले तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, “तो तुमच्या कामवालीचा प्रश्न झाला.” नाही हो, तो माझ्या उठण्याचा प्रश्न आहे.

पूर्वी वाड्यात, गावात असं नव्हतं, माणसं माणसांना धरून होती, असं लोक सांगतात. धरून होती खरी. पण धरणारी बहुधा थोरली सून नाहीतर बिनलग्नाची बहीण असायची, आणि तिला कुणी विचारलेलं नसायचं. धरलेल्या माणसाची खाट माजघराच्या अंधारात. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही.

आता सरकारी कागद बघा. माझ्याकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे, त्यावर टक्के लिहिलेत. ४० टक्के असले की सवलतींचं दार उघडतं. शरीर किती गेलं, याचा तो हिशेब. मी व्यवसायानं हिशेबनीस, म्हणून सांगते, रकाना चुकलाय. मला दिवसात किती तास दुसऱ्याचा हात लागतो, हे त्या कागदावर कुठंच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘उच्च साहाय्या’ची तरतूद आहे, कलम ३८. रोजच्या जगण्यासाठी ज्याला भरपूर मदत लागते त्यानं अर्ज करावा, मंडळानं तपासावं, मदत मिळावी. कलम चांगलं आहे. पण माझ्या ओळखीत त्या कलमाखाली मदतीचा हात घरी आलेला एकही माणूस नाही.

२०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत एक प्रश्न मात्र विचारला होता, काळजी घेणारं कुणी आहे का? सुमारे ६२ टक्के दिव्यांगांनी सांगितलं, आहे. गरज आहे पण कुणी नाही, असे जेमतेम ०.३ टक्के. वाचून वाटेल, प्रश्नच मिटला. माझ्या घरी कुणी विचारायला आलं असतं, तर मीही ‘आहे’ म्हटलं असतं. माझी आई आहे. वय ७६, दोन्ही गुडघे गेलेले. मावशी आल्या नाहीत त्या दिवशी ती मला कुशीवर वळवते आणि मग स्वतः तासभर भिंतीला टेकून बसते. पाहणीत ती ‘उपलब्ध’.

स्वीडनमध्ये १९९४ पासून हा हिशेब तासांत होतो. मूलभूत गरजांसाठी आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त मदत लागत असेल, तर साहाय्यकाचे पैसे सरकार देतं. तो श्रीमंत देश, म्हणाल. मग केरळ घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्याला तिथं ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून महिना ६०० रुपये मिळतात. सहाशेत काही होत नाही, पण ते माणूस सांभाळणाऱ्या हाताच्या नावानं येतात. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेत पात्र दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार झालं. घरी मदतनीस पाठवणाऱ्या ब्युरोची बारा तासांची ड्युटी घेतली तर त्यात तीन-चार दिवस निघतात. उरलेला महिना आई.

आमच्या इमारतीत आम्ही एक खटपट केली आहे. चौथ्या मजल्यावर पक्षाघात झालेले आजोबा आहेत, नवव्यावर सेरेब्रल पाल्सीचा नऊ वर्षांचा मुलगा. तिघांनी मिळून मावशींना पगारावर ठेवलं, ब्युरोचं कमिशन वाचलं ते त्यांना दिलं, आठवड्याची भरपगारी सुट्टी दिली, आणि पुढची लिफ्ट भांडून मिळवली. वेळापत्रक माझ्या फ्रिजवर चिकटवलंय. सव्वासहा ते पावणेआठ मी, आठ ते साडेनऊ आजोबा, मग मुलगा शाळेच्या गाडीपर्यंत.

बुधवारचा रकाना कोरा आहे. मावशींची सुट्टी. बदलीला बाई शोधतोय, दोन महिने झाले. उद्या बुधवार.

नमस्कार.