परसातली तांबडी भाजी

(विहिरीवर रहाटाचा आवाज.)

भात कापून झालं, दिवाळी उलटली, की गोव्यात परसात वाफे पडतात. फोंडा तालुक्यातल्या या घरी आजी आज तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, पेरताहेत.

बी बघा. खसखशीएवढं, काळं, चकचकीत. नुसतं टाकलं तर एकाच जागी पडतं, म्हणून त्यात चुलीतली राख कालवायची. राख असली की मुंग्याही बी ओढून नेत नाहीत. मूठ अर्धी उघडायची, मनगट हलवत पेरायचं, वरून तळहातानं माती सारखी करायची. खोल गेलं तर उगवत नाही. पाणी झारीनंच. जोराची धार पडली तर सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं.

(निवेदन नाही. वाफ्यावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज.)

चार-पाच दिवसांत मातीवर लालसर झाक येते. दाटीतली रोपं आधी उपटायची. तीही टाकायची नाहीत, घरातली पहिली भाजी तीच. कांदा, हिरवी मिरची, वरून मूठभर ओलं खोबरं. पाणी घालायचं नाही, पाल्याला सुटतं तेवढं पुरे. पांढरं खोबरं बघता बघता गुलाबी होतं.

या पानांत लोह आहे, कॅरोटीन आहे. वर लिंबू पिळलं की लोह अंगी लागतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, त्यात बटाटा धरत नाही.

गोव्याच्या बाजारातली बरीच भाजी बेळगावहून घाट उतरून येते. तोडल्यापासून पाल्यातलं क जीवनसत्त्व घटत जातं. इथे वाफ्यापासून चुलीपर्यंत वीस पावलं.

चुलीवर टांगलेली ही वाळकी शेंग पावसाळ्यातल्या भेंडीची. नेहमीची भेंडी कापली की चकतीला बहुधा पाच कोपरे येतात. ही सात शिरांची, खास गोव्याची. तिला भौगोलिक मानांकन मिळालंय. पण वाण टिकलाय तो अशा घराघरांतल्या दोरीवर, हे आम्हाला ठासून सांगायचंय.

तांबड्या भाजीचंही तसंच. कडेची चार झाडं आजी उपटत नाहीत. तुरे वाळले की सुपात चोळायचे, पाखडायचे.

नात त्यातलं चिमूटभर बी कागदाच्या पुडीत बांधून घेते. पणजीत तिच्या फ्लॅटच्या गॅलरीत दोन कुंड्या रिकाम्या आहेत.