सांगणे आणि त्यामागचे कारण

मंडळाच्या अध्यक्ष महोदया, कार्यकारिणीचे सदस्य आणि बंधुभगिनींनो,

पुढच्या पिढ्यांना एकच शहाणपणाची गोष्ट सांगता येणार असेल तर ती कोणती, हा आजचा विषय गेले काही आठवडे माझ्या मनात घोळत आहे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ साली विद्यार्थ्यांपुढे असाच प्रश्न ठेवला होता. सारे वैज्ञानिक ज्ञान नष्ट होऊन एकच वाक्य उरणार असेल, तर सर्व वस्तू अणूंच्या बनलेल्या आहेत हे वाक्य उरावे, असे त्यांचे उत्तर होते. उत्तर थोर आहे, पण हे आपल्याला कळले कसे, ते त्यात नाही, आणि माझे मन तिथेच अडते.

कारण हरवले की काय होते, हे लांबच्या सागरी प्रवासात खलाशांना होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाच्या इतिहासात दिसते. ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्य जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये १२ आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, तेव्हा संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सावरले. १७९५ पासून नौदलात लिंबाचा रस नियमाने मिळू लागला आणि रोग जवळजवळ हटला. पुढे एकोणिसाव्या शतकात भूमध्य समुद्राकाठच्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधील वेगळ्या जातीची लिंबे आली. त्यांच्या रसात गुण फार कमी होता, पण वाफेच्या जहाजांनी प्रवासच लहान केल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आले नाही. ध्रुवीय मोहिमांत स्कर्व्ही परतली, तेव्हा अनेक जाणत्यांनी लिंबावरचाच विश्वास सोडून बिघडलेल्या डबाबंद मांसाला दोष दिला. ‘लिंबू द्या’ हा नियम वारशाने आला होता. लिंबातले नेमके काय उपयोगी पडते, हे १९३०च्या दशकाच्या आरंभी क जीवनसत्त्वाची ओळख पटेपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते.

म्हणून माझी निवड अशी आहे: जे सांगाल ते कशावरून सांगता, हेही सांगा, आणि ऐकणाऱ्याला ते पडताळू द्या. मुलांना आपण पुष्कळ सूचना देतो, त्यांमागचा अनुभव मात्र क्वचितच देतो, याची मला मनापासून खंत वाटते.

जपानमधील आनेयोशी गावच्या शिळेवर या जागेच्या खाली घरे बांधू नका, असे कोरले आहे. शेजारीच १८९६ आणि १९३३ च्या त्सुनामींत गाव उद्ध्वस्त होऊन मोजकीच माणसे वाचली, हेही नोंदले आहे. गावकऱ्यांनी घरे वरच ठेवली. २०११ मध्ये लाट शिळेच्या खालीच थांबली.