हरगिला आणि परसातला कदंब

…तर मंडळी, पाणथळी राखण्याबद्दल बोलतोय, आता तिथल्या हरगिला या पक्ष्याकडे येऊ. करकोच्यांच्या कुळातला हा थोरला. उभा राहिला की पाच फुटांच्या जवळपास, पंख पसरले की अडीच मीटर. डोकं बोडकं, गळ्याशी लोंबती पिशवी. कुरूप म्हणतात त्याला. मी नाही म्हणत. एकदा त्याला दलदलीत उतरताना बघा, मग बोलू.

एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या छपरांवर हे पक्षी बसलेले असायचे. तिथल्या महापालिकेच्या जुन्या मानचिन्हावरही ते होते, चोचीत साप धरलेले. आता ते उरलेत मुख्यतः आसामात, बिहारमध्ये भागलपूरकडे आणि कंबोडियात.

माझी तक्रार ऐका. पाणथळ म्हटलं की आपण नकाशावर पाण्याभोवती रेघ ओढतो आणि मोकळे होतो. गुवाहाटीचं दीपोर बील (बील म्हणजे पाणथळ तळं) २००२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ आहे. हरगिला तिथे चरतो, पण अंडी घालतो कामरूप जिल्ह्याच्या खेड्यांत, कुणाच्या तरी परसातल्या उंच कदंबावर. झाड खाजगी, निर्णय मालकाचा.

२००७ साली ददरा गावात एका मालकानं असं झाड पाडलं. घरटी कोसळली, पिल्लं जमिनीवर आली. त्या माणसाला लगेच खलनायक करू नका. वरून अंगणात काय पडतं? अर्धवट गिळलेले मासे, हाडं, बेडूक, शीट. वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा. वासानं घरात जेवण जात नाही, आणि वर पक्षी अपशकुनी ही समजूत. वन्यजीव अभ्यासक पूर्णिमा देवी बर्मन तेव्हा याच पक्ष्यावर पीएचडी करत होत्या. त्यांनी जाब विचारला, तर गाव त्यांच्यावरच उलटलं. बाईंनी पीएचडी बाजूला ठेवली आणि गावातल्या बायकांकडे गेल्या. त्यांना जमवायला पाककलेच्या स्पर्धा घेतल्या. आसामात गरोदर बाईचं पंचामृत करतात, आपल्या डोहाळजेवणासारखं. ते त्यांनी हरगिल्यासाठी केलं, गाणी म्हणत. बायका मागावर गमछ्यात, मेखला-चादरीत (आसामी बायकांच्या पोशाखात) हरगिला विणू लागल्या. ददरा, पचरिया, शिंगीमारी या गावांत २८ घरटी होती, ती अडीचशेच्या वर गेली. आज हरगिला राखणाऱ्या बायकांच्या ‘हरगिला आर्मी’त दहा हजारांहून जास्त जणी आहेत.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, आवरतो. मूळ मुद्दा पाण्याचा होता. पावसाळ्यानंतर या बीलांचं पाणी ओसरतं, मासे डबक्यांत कोंडतात, आणि नेमक्या त्याच कोरड्या महिन्यांत पिल्लांना भरवायचं असतं. भराव टाकला की डबकी गेली, कदंब तोडला की घरटं गेलं. दोन्हींपैकी एक राखून उपयोग नाही. आपल्याकडेही भिगवणजवळच्या भादलवाडीच्या तळ्यातल्या झाडांवर चित्रबलाक करकोचे घरटी करतात आणि चरायला उजनीच्या फुगवट्यावर जातात. म्हणून मागणी एकच: पाणथळीच्या आराखड्यात घरट्यांच्या झाडांची यादी असावी, मालकांच्या संमतीनं, आणि झाड राखणाऱ्या घराला त्याचा मोबदला मिळावा. वन खात्याकडे ही मागणी करायची आहे. सह्यांचा कागद दाराशी ठेवलाय.