साडेपंचवीस इंचांचा पुठ्ठा

माझ्या शेजारी टेबलावर उभा केलेला हा पुठ्ठा आपल्याला दिसत असेल. एका फ्रिजच्या खोक्यातून मी तो कापला असून त्याची रुंदी साडेपंचवीस इंच आणि लांबी चव्वेचाळीस इंच आहे. माझा मुलगा ज्या पॉवरचेअरमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत बसतो, ती खुर्ची जमिनीवर जेवढी जागा व्यापते, तेवढाच हा पुठ्ठा आहे. मंडळाने मला आज आरव्ही, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी घेऊन फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डच्या सहलीला जाण्याविषयी बोलायला सांगितले, तेव्हा स्लाइड्स तयार करण्याऐवजी हा पुठ्ठाच घेऊन यावा असे मला वाटले, कारण आमची पहिली सहल ज्या कारणाने बिघडली आणि दुसरी ज्या कारणाने जमली, ते कारण या पुठ्ठ्यातच आहे.

मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. या आजारात स्नायूंची ताकद वर्षागणिक कमी होत जाते. तो आता तेरा वर्षांचा आहे, दहाव्या वर्षापासून खुर्ची वापरतो आणि झोपताना श्वासासाठी बायपॅप यंत्र लावतो. न्यू जर्सीहून ऑर्लँडो सुमारे हजार मैलांवर आहे आणि विमानाने ते अडीच-तीन तासांत गाठता येते. तरीही आम्ही रस्त्याने का जातो, असे अनेकजण विचारतात. विमानात पॉवरचेअर सामानाच्या कप्प्यात जाते आणि ती धड परत मिळेल की नाही, याची धाकधूक प्रवासभर राहते. ती खुर्ची म्हणजे त्याचे पाय आहेत. शिवाय आरव्हीमध्ये त्याची गादी, त्याचे यंत्र, त्याला उचलण्याचा झोळीचा हॉइस्ट आणि आजीच्या हातचा वरणभात हे सारे बरोबर येते आणि दर मुक्कामी नव्या खोलीत नवा पलंग व नवे न्हाणीघर समजून घ्यावे लागत नाही.

पहिल्या वेळी मी भाड्याने गाडी देणाऱ्या एका कंपनीला फोन करून गाडी व्हीलचेअरसाठी सोयीची आहे का, एवढेच विचारले. समोरून ‘हो’ असे उत्तर आले आणि मी त्यावर विसंबलो. गाडी ताब्यात घ्यायला गेलो, तेव्हा दाराची मोकळी रुंदी चोवीस इंच भरली आणि दारापर्यंत तीन पायऱ्या होत्या. सुट्ट्या ठरलेल्या होत्या, पैसे भरलेले होते, म्हणून आम्ही घडीची साधी खुर्ची घेऊन निघालो आणि पुढचे आठ दिवस मी त्याला दोन्ही हातांवर घेऊन गाडीत चढवत-उतरवत राहिलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या खांद्याशी तोंड नेऊन हळूच म्हणाला, “बाबा, मला एकदा तरी आपल्याआपण आत जायचंय.” माझी पाठ आठवड्याभरात बरी झाली, पण ते वाक्य अजून मनातून गेलेले नाही.

त्यात फोनवरच्या माणसाने खोटे सांगितले असे मला वाटत नाही. सोयीची या शब्दाचा त्याचा अर्थ वेगळा होता आणि मी त्याला इंच विचारले नव्हते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, गाडी असो, कॅम्पची जागा असो किंवा स्नानगृह, ‘व्हीलचेअरसाठी सोय आहे का’ असे कधीही विचारू नये. दाराची मोकळी रुंदी किती, उंबरठा जमिनीपासून किती उंच, पलंग आणि समोरचे कपाट यांमध्ये किती अंतर, खुर्ची गाडीत चढवणारी लिफ्ट किती वजन उचलते, असे विचारावे. आणि उत्तर मिळाल्यावरही शक्य असेल तर पुठ्ठा घेऊन गाडी जिथे उभी असेल तिथे जाऊन यावे. दुसऱ्या वेळी मी हा पुठ्ठा चार गाड्यांमधून फिरवला. दोन गाड्यांच्या दारातून तो आतच गेला नाही, तिसरीत गेला पण वळेना आणि चौथीत तो पलंगापर्यंत पोहोचला, तेव्हा पत्नीने जमिनीवर बसून त्याच्या चारही कडांशी खडूने खुणा केल्या.

उंचीचा प्रश्न रुंदीपेक्षाही अवघड आहे. मोटरहोमचा, म्हणजे स्वतःचे इंजिन असलेल्या आरव्हीचा उंबरठा साधारण तीस ते छत्तीस इंचांवर असतो. अमेरिकेतील १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याखाली इमारतींसाठी जे निकष ठरले, त्यांत रॅम्पचा चढ एकास बारापेक्षा तीव्र नसावा असे म्हटले आहे, म्हणजे एक इंच चढण्यासाठी बारा इंच लांबी हवी. त्या हिशेबाने छत्तीस इंचांच्या दाराला छत्तीस फुटांचा रॅम्प लागेल, आणि आमची गाडीच मुळी एकतीस फुटांची होती. मागची पूर्ण भिंत खाली उघडून रॅम्प होतो असे टॉय हॉलर नावाचे ट्रेलर अनेकजण सुचवतात. त्यांत रुंदीचा प्रश्न खरोखर सुटतो, पण सात फुटांच्या फळीने तीस इंच चढायचे म्हणजे वीस अंशांहून अधिक चढ झाला आणि तेवढ्या चढावर पॉवरचेअर मागे कलंडू शकते. जोडरॅम्प लावून तो चढ कमी करणारे लोक आहेत, मात्र ती लांबी कॅम्पच्या जागेत मावेल की नाही, हे आधी पाहावे लागते.

राहता राहिली लिफ्ट. लिफ्ट बसवलेली मोटरहोम भाड्याने देणारे फार थोडे आहेत आणि त्यांच्याकडे कित्येक महिने आधी नोंदणी करावी लागते. फेब्रुवारीच्या सहलीसाठी आम्ही आदल्या जूनमध्ये गाडी ठरवली. गाडी घेताना दोन गोष्टी हाताने करून पाहाव्यात. पहिली म्हणजे वीज गेल्यावर लिफ्ट हातपंपाने कशी चालते ती. जॉर्जियातील एका विश्रांतिस्थळी आमची लिफ्ट अर्ध्यावर थांबली, मुलगा जमिनीपासून दीड फुटावर अधांतरी, आणि आजी खालून रामरक्षा म्हणत होती. मी आवारात एकदा तो पंप मारून पाहिलेला असल्यामुळे त्याला पाच मिनिटांत खाली आणता आले. दुसरी गोष्ट म्हणजे धावत्या गाडीतील खुर्चीची बांधणी. खुर्ची जमिनीतील पक्क्या आकड्यांना चार ठिकाणी पट्ट्यांनी बांधायची आणि आत बसलेल्या माणसाला वेगळा पट्टा लावायचा, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. टेबलाच्या पायाला दोरी बांधून निघणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि हात जोडून सांगतो, तसे करू नका. अपघाताच्या चाचणीत उतरलेल्या खुर्च्यांना डब्ल्यूसी १९ हे मानक असते आणि पट्टे अडकवण्याच्या चार जागा त्यांवर खुणेने दाखवलेल्या असतात. खुर्ची मागवतानाच ते पाहून घ्यावे.

रोज साडेतीनशे मैलांहून अधिक जायचे नाही आणि दर तासाला खुर्ची मागे कलवून पाठीवरचा भार हलवायचा, असा आमचा नेम होता. वाटेत संघराज्याच्या अखत्यारीतील उद्याने लागतात. कायमचे अपंगत्व असलेल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना त्यांसाठी आयुष्यभराचा ॲक्सेस पास मोफत मिळतो आणि अनेक ठिकाणी कॅम्पच्या शुल्कातही निम्मी सूट असते. भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांना मात्र हा पास मिळत नाही, हे आपल्यापैकी बऱ्याचजणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता मुक्कामाच्या जागेविषयी. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला त्याच्या आवारातील फोर्ट विल्डरनेस हे कॅम्पग्राउंड उघडले. सुमारे ७५० एकरांच्या पाइनच्या रानात सुमारे ८०० जागा वेगवेगळ्या वळणांच्या आळ्यांमध्ये मांडलेल्या आहेत. जागांच्या प्रकारांची नावे वाचून दृश्य किंवा प्रतिष्ठा यांचा फरक असेल असे वाटते, पण आमच्यासारख्यांसाठी खरा फरक फरसबंदीच्या रुंदीत आहे. फुल हुकअप (वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या) नावाच्या जागेची फरसबंदी दहा फूट रुंद आणि साठ फूट लांब असते, तर प्रीमियम जागेची अठरा फूट रुंद. मोटरहोमची स्वतःची रुंदी साडेआठ फूट. दहा फुटांच्या जागेत ती उभी केली की बाजूला दीड फूट उरतो, त्यामुळे लिफ्ट थेट मातीवर उतरते आणि पावसानंतर त्या मातीत पॉवरचेअरची चाके रुततात. अठरा फुटांच्या जागेत गाडी डाव्या कडेला चिकटवून लावली, तर उजवीकडे, म्हणजे लिफ्टच्या बाजूला, साडेनऊ फूट सपाट काँक्रीट मिळते. लिफ्टच्या फळीसाठी चार फूट सोडले तरी वळायला साडेपाच फूट राहतात, आणि खुर्चीला जागच्या जागी वळायला पाच फुटांचे वर्तुळ लागते. मी हे गणित कागदावर तीनदा केले होते, तरीही मुलगा लिफ्टवरून उतरून त्या काँक्रीटवर पहिल्यांदा गर्रकन वळला, तेव्हा माझा विश्वास बसायला थोडा वेळ लागला. पुढचे चार दिवस तो मनाला येईल तेव्हा लिफ्टचे बटण स्वतः दाबून बाहेर जात होता आणि समोरच्या झाडाखाली बसून खारी पाहत होता.

नोंदणी करताना अपंगांसाठीची जागा फोनवर बोलून मागावी आणि स्नानगृहाजवळची मिळावी अशी विनंतीही नोंदवावी. मात्र नेमका क्रमांक मिळेलच याची हमी नसते, हे धरून चालावे. तिथल्या स्नानगृहांना कॉम्फर्ट स्टेशन म्हणतात. ती वातानुकूलित असून कपडे धुण्याची यंत्रेही तिथेच असतात. माझ्या मते सगळ्या सहलीचे वेळापत्रक इथून सुरू व्हायला हवे. उद्यानाची तिकिटे, जेवणाच्या वेळा आणि बसच्या वेळा हे सारे नंतरचे आहे. त्या व्यक्तीचे सकाळचे शौच, अंघोळ आणि कपडे यांना किती वेळ लागतो, ते आधी लिहावे. आमच्याकडे दोन तास लागतात. ते दोन तास मान्य करून दिवस आखला, म्हणून कुणी कुणावर खेकसले नाही.

विजेचाही हिशेब असाच आधी करावा. तीस अँपिअरच्या जोडणीवर ३६०० वॅट मिळतात आणि पन्नासच्या जोडणीवर १२,००० वॅट. फ्लोरिडाच्या उकाड्यात दोन वातानुकूलन यंत्रे, खुर्चीचा चार्जर, बायपॅप आणि आजीचा इंडक्शनचा कुकर एकाच वेळी चालवायचे असतील, तर तीसची जोडणी पुरत नाही. रात्री बायपॅप बंद पडणे परवडणारे नसते, म्हणून त्यासाठी एक वेगळी बॅटरी आम्ही उशाशीच ठेवतो. शक्य असेल तर जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ टाळावा.

कॅम्पग्राउंडच्या आत खासगी गाडीने हिंडता येत नाही. गाडी जागेवर आणण्यापुरती आणि बाहेर नेण्यापुरतीच चालते. बहुतेक लोक गोल्फ कार्ट भाड्याने घेतात, पण तिच्यात पॉवरचेअर चढत नाही. म्हणून आतील बसवर अवलंबून राहावे आणि त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवावा. तळ्याकाठच्या सेटलमेंट या भागातून मॅजिक किंगडम या डिस्नेच्या उद्यानाला बोट जाते. खुर्ची बोटीत घेता येईल की नाही, हे बोटीच्या प्रकारावर आणि त्या दिवशीच्या पाण्यावर ठरते, त्यामुळे धक्क्यावर जाऊन खलाशांना विचारावे आणि बसचा पर्याय मनात ठेवावा.

डिस्नेच्या उद्यानांतील खेळांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती माहिती सहज मिळते. प्रत्येक खेळासाठी खुर्चीसह बसता येते, खुर्चीतून उतरून बसावे लागते किंवा स्वतः चालता येणे आवश्यक असते, यांपैकी काय लागू आहे ते जाहीर केलेले असते. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’मध्ये व्हीलचेअरसाठी वेगळी नाव आहे. ‘हाँटेड मॅन्शन’मध्ये खुर्ची सोडावी लागते. ‘पीटर पॅन्स फ्लाइट’चा सरकता पट्टा थांबत नाही, म्हणून तिथे चालता येणाऱ्यांनाच प्रवेश आहे. ही यादी मुलाने निघण्याआधी स्वतः वाचली आणि मी उचलून कुठे बसवलेले चालेल व कुठे चालणार नाही, ते त्याने ठरवले. उचलला जाणारा देह त्याचा आहे, तेव्हा ठरवण्याचा अधिकारही त्याचाच. रांगेत न थांबता वेळ घेऊन परत येण्याची डीएएस (डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस) ही सवलत २०२४ पासून प्रामुख्याने ऑटिझम किंवा तत्सम विकासात्मक अपंगत्व असलेल्यांसाठी आहे. केवळ खुर्ची आहे म्हणून ती मिळेल असे गृहीत धरू नये. बहुतेक रांगांमधून खुर्ची नेता येते. प्रत्येक उद्यानात प्रथमोपचार केंद्र असून तिथे आडवे होता येते आणि थंड ठेवावी लागणारी औषधेही ठेवता येतात. दुपारी एक तास आम्ही तिथेच काढत असू.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा जायचे आहे. दरम्यान मुलगा वाढला आहे आणि गेल्या महिन्यात त्याची नवी खुर्ची आली, ती साडेसव्वीस इंच रुंद आहे. त्यामुळे हा पुठ्ठा आता निकामी झाला. मागच्या रविवारी त्याने मला नवे खोके आणायला लावले, खुर्ची त्यावर उभी केली, मला पेन्सिलीने भोवताली रेघ मारायला सांगितली आणि पायाच्या फळीजवळ दोन इंच जास्त सोडायला लावले, कारण त्याला आता बूट मोठे लागतात. कापायचे अजून बाकी आहे. गाडी ठरवण्याचा फोन मी त्यानंतर करणार आहे.