न दुखणारा पाय

श्रोतेहो, नमस्कार.

नायलॉनचा एक छोटा, ताठ दोरा असतो. तो तळव्याला टेकवायचा आणि वाकेपर्यंत दाबायचा. दहा ग्रॅम दाब पडला की तो वाकतो. समोरचा माणूस डोळे मिटून बसलेला असतो. स्पर्श जाणवला की त्यानं ‘हो’ म्हणायचं, एवढंच. विद्यार्थी असताना मी ही तपासणी पहिल्यांदा केली तेव्हा अंगठ्याखाली दोरा वाकला, चवड्यावर वाकला, पण ‘हो’ काही येईना. मला वाटलं, काय करायचं ते गृहस्थांना नीट कळलं नसावं. म्हणून तोच दोरा मनगटाला लावला, तर लगेच ‘हो’. म्हणजे त्यांना सगळं नीट कळलं होतं. पाय बधिर झाला होता आणि त्याचा त्यांना पत्ताच नव्हता.

आज मी बोलणार आहे ते पायाच्या डॉक्टरकीच्या शिक्षणाबद्दल. अमेरिकेत या विद्याशाखेला पोडियाट्रिक मेडिसिन म्हणतात. आधी महाविद्यालयाची पदवी, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, त्यानंतर डीपीएम म्हणजे ‘डॉक्टर ऑफ पोडियाट्रिक मेडिसिन’ या पदवीची चार वर्षं आणि पुढे तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. त्यात शस्त्रक्रियाही शिकायच्या. ऐकणारा हमखास विचारतो, ‘नुसत्या पायासाठी एवढी वर्षं?’

एका पायात 26 हाडं असतात. दोन्ही पायांची मिळून 52, म्हणजे शरीरातल्या 206 हाडांपैकी चौथा हिस्सा. पण खरं कारण हाडांच्या संख्येत नाही. पाय काही शरीरापासून सुटा नसतो. म्हणून पहिली दोन वर्षं बहुतेक सगळ्या शरीराचाच अभ्यास होतो: शरीररचना, जीवरसायन, औषधशास्त्र, जंतुशास्त्र. पायावरची सूज हृदयामुळे आहे की मूत्रपिंडामुळे, की पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्यामुळे, हे ओळखता येत नसेल तर नुसती पायाची हाडं पाठ असून उपयोग नाही. तिसऱ्या वर्षापासून मात्र रुग्णालय हीच शाळा होते.

या विद्येचा उगम साधा आहे. कुरूप काढणं, घट्टे तासणं, रुतलेलं नख सोडवणं ही कामं करणाऱ्यांना कायरोपोडिस्ट म्हणत. विल्यम शॉल यांनी 1912 मध्ये शिकागोत त्यासाठी महाविद्यालय काढलं. तेच महाविद्यालय 2001 मध्ये नॉर्थ शिकागोच्या एका वैद्यकीय विद्यापीठात सामील झालं आणि 2004 पासून ते विद्यापीठ डीएनएच्या रचनेवर काम केलेल्या शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन यांच्या नावानं ओळखलं जातं. घट्टे तासणाऱ्यांची विद्या वैद्यकीय विद्यापीठात पोहोचली, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. कारण ते तासणं कधीच हलकं काम नव्हतं.

ते कसं, ते सांगते. मधुमेहात रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा खराब होतात आणि सगळ्यात लांब नसांना आधी फटका बसतो, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. आधी मुंग्या, आग, मग काहीच नाही. घाम येणं थांबतं, कातडी कोरडी पडते, भेगा पडतात. पायातले लहान स्नायू झिजतात, बोटं आकड्यासारखी वाकतात आणि सगळा भार चवड्याच्या हाडांच्या टोकांवर येतो. तिथे घट्टा पडतो. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. आपण ब्लेडनं तो घट्टा पापुद्र्या-पापुद्र्यानं तासत जातो, पिवळट कातडी सुटत जाते, आणि अचानक आत काळपट तांबडा ठिपका दिसतो. ते साकळलेलं रक्त असतं. अजून थोडं खाली गेलं की जखम. वरून कडक कातडी आणि आत जखम, कित्येक दिवसांची!

हा धागा आपल्या वेल्लोरशी येऊन जुळतो. तिथे पॉल ब्रँड हे शल्यविशारद कुष्ठरुग्णांवर उपचार करत. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात असा समज तेव्हा सर्रास होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की बहुतेक नुकसान वेदना गेल्यामुळे होतं: काटा, चटका, तोच तोच दाब, आणि कशाचीच जाणीव नाही. 1966 मध्ये ते लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तोच विचार पुढे मधुमेहींच्या पायांनाही लागू झाला. म्हणून अशा जखमेवर नुसतं मलम लावून भागत नाही, जखमेवरचा भार काढावा लागतो. त्यासाठी कधी गुडघ्याखालपर्यंत अंगाबरोबर बसणारं प्लास्टर घालतात. रक्तपुरवठा पुरेसा आहे ना, हे आधी बघायचं. त्यासाठी पायाच्या पाठीवर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला मागे, अशी दोन ठिकाणी नाडी चाचपायची. ती बोटाला सापडायला मला कित्येक आठवडे लागले.

डीपीएम आणि एमडी, म्हणजे अमेरिकेतली नेहमीच्या डॉक्टरांची पदवी, या वेगवेगळ्या पदव्या आहेत. डीपीएम डॉक्टरनं घोट्याच्या वर किती उपचार करावेत, याचे नियमही अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळे आहेत. हे आधीच माहीत करून घ्यावं. पण इकडे कुणी ‘दुसरीकडे जमलं नाही म्हणून’ येऊ नये असं मला मनापासून वाटतं. माणसाचा पाय मांडीवर घेऊन, त्याच्या बोटांच्या बेचक्या एकेक करून बघायला ज्याला आवडतं, त्यानं यावं.

त्या पहिल्या गृहस्थांची तपासणी झाल्यावर आमच्या शिक्षिकेनं त्यांचा बूट उचलला आणि माझ्या हातात दिला. आत हात घालून बघ, म्हणाल्या. मी आतल्या तळावरून बोटं फिरवली. चवड्याच्या जागी काहीतरी बोचलं. खालून एका खिळ्याचं टोक वर आलं होतं. तो बूट किती दिवस वापरताय, असं मी त्यांना विचारलं. ‘रोजच घालतो की,’ ते म्हणाले.

नमस्कार.