लोखंडाचे कण आणि कॅन्सरची गाठ: ऐरोलीच्या ताईंना उत्तर

नमस्कार. ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, "आईचं रेडिएशन खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेकमध्ये चालू आहे. रोज पनवेल लोकलनं नेतो. लोखंडाचे कण गाठीत सोडून चुंबकानं गाठ जाळतात म्हणे. ते केलं तर हे हेलपाटे वाचतील का?"

ताई, उत्तर आधी देते. नाही वाचणार. डॉक्टरांनी दिलेली रेडिएशनची एकही तारीख चुकवू नका. पण हे शास्त्र खोटं नाही.

(इंडक्शन शेगडीवर आधी स्टीलचं पातेलं, मग काचेचा पेला ठेवत) पातेलं तापलं, पेला गारच. आपलं शरीर बरंचसं या पेल्यासारखं. म्हणून गाठीत आयर्न ऑक्साइडचे कण सोडायचे, साधारण दहा-वीस नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीत असे हजारो कण ओळीनं मावतील. मग बाहेरून सेकंदाला लाखभर आवर्तनं घेणारं चुंबकीय क्षेत्र द्यायचं.

शेगडीची तुलना इथवरच. पातेल्यात वीजप्रवाह फिरतो, या कणांत त्याला जागाच नाही. प्रत्येक कण म्हणजे इवलंसं चुंबक. क्षेत्राची दिशा उलटली की त्याचीही उलटते, पण किंचित मागाहून. या मागे पडण्यात जी ऊर्जा खर्च होते, तिचीच उष्णता होते. फ्रान्सच्या लुई नेल यांनी 1949 साली हे गणित मांडलं, तेव्हा त्यांच्यासमोर भाजलेल्या मातीतले बारीक चुंबकीय कण होते, कॅन्सर नव्हता! मला हे फार आवडतं.

आणि "जाळतात" म्हणू नका. गाठ साधारण 42 ते 45 अंशांपर्यंत तापवतात, म्हणजे आंघोळीच्या कढत पाण्याइतकी. निरोगी भागातलं रक्त वाहता वाहता उष्णता घेऊन जातं. गाठीतला रक्तपुरवठा वेडावाकडा, त्यामुळे उष्णता तिथेच साठते. जिथे रक्त कमी, तिथे प्राणवायूही कमी, आणि नेमक्या अशाच पेशींवर रेडिएशनचा परिणाम कमी होतो. शिवाय उष्णतेमुळे पेशींना तुटलेला डीएनए सांधणं अवघड जातं. म्हणजे ही उष्णता रेडिएशनच्या जोडीला येते, त्याच्या जागी नाही.

जर्मनीत ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरवर हे माणसांत करून पाहिलंय. युरोपात 2010 मध्ये त्याला परवानगी मिळाली. 2011 मध्ये छापलेल्या अभ्यासात 59 रुग्णांचा हा कॅन्सर परत आलेला होता. तो परत आल्यापासूनचं मध्यक आयुर्मान 13.4 महिने आलं, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. जुन्या आकड्यांपेक्षा बरं, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. कवटीतून सुईनं कण थेट गाठीत सोडावे लागले. ते तिथेच राहतात, म्हणून पुढे एमआरआयमध्ये तो भाग नीट दिसत नाही. हे तंत्र आणणारी कंपनी 2022 मध्ये दिवाळखोरीत गेली.

खरी अडचण तापवण्याची नाही, कण पोचवण्याची आहे. शिरेतून दिले तर बहुतेक यकृत आणि प्लीहा टिपून घेतात. सुईनं दिले तर सुई पोचेल तेवढीच गाठ. पसरलेल्या कॅन्सरला हे पुरत नाही. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या कणांवर काम झालंय, पण ते प्रयोगशाळेतलं.

आणि हो, कुणी चुंबकाचा पट्टा किंवा कडं विकायला आलं तर घेऊ नका. त्यातलं चुंबक दिशा पालटत नाही आणि गाठीत कणही नाहीत. तापणार काय?